पोव्ह-रे फक्त कमांड लाइनवरून सांभाळायचं आहे : लॅबची मशिनं, रात्रीचे रेंडर आणि जाणारी वीज

प्रकाशवाट

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. अपवर्तन, क्रांतिक कोन, लोलकातून होणारं अपस्करण हे सगळं पुस्तकातल्या रेषांच्या आकृत्यांवरून मुलांच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. म्हणून पोव्ह-रेमध्ये, म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून किरणांचा माग काढत चित्र तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काचेचे ठोकळे, भिंगं, पाण्याची पेटी अशी दृश्यं लिहितोय. दृश्य म्हणजे साधी मजकुराची फाइल, त्यामुळे मुलंही आकडे बदलून बघतात, हा मोठा फायदा.

आता कॉलेजच्या लॅबमधली डेबियन लिनक्सची काही मशिनं संध्याकाळनंतर वापरायला मिळणार आहेत. त्यांच्यासमोर बसता येणार नाही, घरून एसएसएचने, म्हणजे दुरून मशिनाचं टर्मिनल उघडून, आत शिरायचं. म्हणजे खिडक्या, बटणं काही नाही, सगळं टर्मिनलवर.

प्रश्न असे : पोव्ह-रे एपीटीने (डेबियनच्या तयार पॅकेजं बसवणाऱ्या कमांडने) घ्यावं की सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधावं? स्वतःच्या इन्क्लूड फाइली (दृश्यात जोडायच्या व्याख्यांच्या) कुठे ठेवाव्यात? रेंडर, म्हणजे दृश्यावरून चित्र काढण्याचं काम, चालू असताना वीज गेली तर सगळं पहिल्यापासून का? आणि एकच चित्रफीत तीन-चार मशिनांवर वाटता येते का?

माझं मत असं की या कामाला टर्मिनलच बरं. पण ज्यांनी वर्षानुवर्षं केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

टर्मिनलवासी

सर, निःशंक एपीटीने घ्या. ३.७ ही आवृत्ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली तेव्हा पोव्ह-रेचा परवाना बदलून एजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना झाला. त्याआधी त्यांचा स्वतःचा परवाना होता आणि त्यामुळे डेबियनमध्ये ते नॉन-फ्री विभागात पडून असायचं. आता मुख्य विभागात आहे, एका ओळीत येतं.

फक्त एक बघा. मूळ प्रोग्रॅम 'पोव्हरे' या पॅकेजात आणि रंग, पोत, काच यांच्या तयार व्याख्या 'पोव्हरे-इन्क्लूड्स' या वेगळ्या पॅकेजात असतात. दुसरं नसेल तर पहिल्याच ओळीला 'कलर्स डॉट इंक सापडत नाही' म्हणून काम थांबेल. दोन्ही आहेत ना हे बघून घ्या, आणि काय कुठे बसलंय ते 'डीपीकेजी -एल' ने विचारा.

स्वतःच्या इन्क्लूड फाइली सिस्टिमच्या फोल्डरात मुळीच टाकू नका. होममध्ये एक फोल्डर करा आणि त्याचा पत्ता +एल या स्विचने द्या, किंवा आयएनआय फाइलमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) 'लायब्ररी_पाथ' म्हणून लिहा. आयएनआय फाइल तर कराच. लांबी, रुंदी, अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं), सगळं शब्दांत लिहिता येतं आणि सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. तिच्यात चौकोनी कंसात नावं देऊन विभागही करता येतात : 'कच्चा' नावाचा छोट्या चित्राचा, 'पक्का' नावाचा मोठ्या चित्राचा. चालवताना फाइलच्या नावाला चिकटून कंसात विभागाचं नाव द्यायचं, आणि हे सगळं अवतरणचिन्हांत, नाहीतर शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्या कंसाचा भलताच अर्थ लावतं.

आणि -डी विसरू नका. एसएसएचवर चित्र दाखवायला पडदा नसतो.

चिंगी

वाचनखूण साठवली. +१

सह्यकडा

टर्मिनलवासींशी अर्धा सहमत. ३.८ अजून बीटात (चाचणी आवृत्तीत) आहे आणि ते हवं असेल तर सोर्सवाचून इलाज नाही. गिटहबवरून घेतलं तर आधी 'युनिक्स' फोल्डरात जाऊन प्रीबिल्डची स्क्रिप्ट चालवायची, मग बाहेर येऊन कॉन्फिगर. कॉन्फिगरला 'कम्पाइल्ड_बाय' मध्ये तुमचं नाव आणि ईमेल द्यावंच लागतं, त्याशिवाय ते पुढे जात नाही. नवखी माणसं हमखास इथे अडतात. प्रीफिक्स (बसवायची जागा) होममधला द्या, म्हणजे रूटचा पासवर्ड मागायला कुणाच्या दारात जायला नको आणि एपीटीच्या आवृत्तीशी भांडणही नाही.

एपीटीचं घेतलंत तर मात्र 'एपीटी-मार्क होल्ड' करून आवृत्ती गोठवून ठेवा. निम्मी चित्रफीत एका आवृत्तीत आणि निम्मी दुसरीत असं व्हायला नको.

टर्मिनलवासी

@सह्यकडा, डेबियन स्टेबलमध्ये मधेच आवृत्ती कशी बदलेल? तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. होल्ड लावून लोक विसरतात, आणि दोन वर्षांनी अख्खी सिस्टिम पुढच्या डेबियनवर नेताना तेच पॅकेज आडवं येतं.

सह्यकडा

एका मशिनापुरतं तुमचं बरोबर. इथे तीन-चार मशिनं आहेत आणि लॅबमध्ये ती सगळी एकाच दिवशी अपग्रेड होतील याची खात्री कोण देणार? ३.६ वरून ३.७ ला जाताना गॅमाची (गणितातला उजेड पडद्यावरच्या उजेडात बदलण्याची) पद्धत बदलली, तेव्हा तीच फाइल वेगळ्या उजेडाची दिसायला लागली होती. त्यासाठीच दृश्याच्या पहिल्या ओळीत 'व्हर्जन ३.७' आणि ग्लोबल सेटिंग्जमध्ये 'अझ्युम्ड_गॅमा १.०' लिहायचं असतं. होल्डची तारीख वहीत टिपून ठेवा, काम झालं की काढा.

नीलमणी

एक भाबडा प्रश्न. २०२० च्या दशकात पोव्ह-रे कशाला? ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात रेंडरसाठी सायकल्स आहे, ग्राफिक कार्ड असेल तर मिनिटांत काम. आणि ब्लेंडरही पडद्याशिवाय चालतो, -बी लावला की झालं.

भिंगरी

@नीलमणी, प्रश्न रास्त आहे, पण सरांचं काम बघा. त्यांना भिंग हवंय. पोव्ह-रेत गोल म्हणजे केंद्र आणि त्रिज्या, प्रोग्रॅम समीकरण सोडवून किरण कुठे लागला ते काढतो. दोन गोलांचा छेद घेतला की बहिर्गोल भिंग तयार, आणि त्याची वक्रता दशांशापर्यंत खरी. ब्लेंडरमध्ये भिंग म्हणजे बारीक बारीक सपाट तुकड्यांची जाळी. वरून ती गुळगुळीत भासवता येते, पण भिंगातून आलेला प्रकाश भिंतीवर एकवटतो तिथे ते तुकडे उघडे पडतात. प्रकाशशास्त्र शिकवायचं तर आकार खरा पाहिजे.

शिवाय मजकुराची फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवता येते. 'अपवर्तनांक १.३३ चा १.५ केला' एवढाच बदल ओळीत दिसतो. ब्लेंडरच्या फाइलमध्ये काय बदललं ते ती उघडल्याशिवाय कळत नाही.

नीलमणी

जाळीचा मुद्दा पटला. तरी मुलांना नोकरीच्या दृष्टीने ब्लेंडर जास्त उपयोगाचा, हे माझं मत कायम.

जाता जाता, ब्लेंडर टर्मिनलवर चालवणाऱ्यांसाठी : तो स्विच डावीकडून उजवीकडे एकेक अमलात आणतो. फ्रेम काढायचा -एफ आधी लिहिला आणि चित्र कुठे ठेवायचं तो -ओ नंतर, तर चित्र भलत्याच जागी जातं. फाइल, मग -ओ, मग -एफ.

खानदेशी

विजेचं मी सांगतो, आमच्याकडे हा रोजचाच विषय.

३.७ मध्ये चित्राची फाइल रेंडर पूर्ण झाल्यावरच लिहिली जाते. तोवर पीएनजी शोधत बसलात तर काही सापडणार नाही. जुन्या आवृत्त्यांत वरून खाली ओळी उमटत जायच्या, आता चौकोनी तुकडे होतात, मूळ सेटिंगला ३२ बाय ३२ पिक्सेलचे, आणि प्रत्येक कोअर आपापला तुकडा उचलतो. पुरा झालेला तुकडा 'पोव्ह-स्टेट' शेपटीच्या फाइलमध्ये जात राहतो. वीज आली की अगदी तीच कमांड पुन्हा द्यायची, फक्त शेवटी +सी जोडायचा. झालेले तुकडे तो त्या फाइलमधून उचलतो आणि उरलेल्यांवर बसतो. काम संपलं की स्टेट फाइल आपोआप जाते. म्हणून काम अर्धं असताना 'ही कसली फाइल' म्हणून ती कुणी पुसू नये.

चित्रफितीला मी याहून साधं करतो. शेलच्या लूपमध्ये एकेक फ्रेम चालवायची आणि त्या क्रमांकाची पीएनजी आधीच असेल तर ती सोडून द्यायची. स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (कामं आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत) '@रीबूट' वर टाकली की मशिन चालू होताच काम जिथलं तिथून सुरू. मशिनाच्या बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू हो' अशी सेटिंग असते, तीही बघा.

आणि सर, दिवसा मुलं मशिनं वापरणार असतील तर 'नाइस १९' लावा, म्हणजे रेंडर बाकीच्या कामांच्या मागे राहील, आणि +डब्ल्यूटी ने कोअर मर्यादित करा. ३.७ न सांगता सगळे कोअर घेतो.

चिंगी

एसएसएच तुटलं तर?

खानदेशी

टीमक्समध्ये चालवायचं, म्हणजे जोडणी तुटली तरी मशिनावरचं काम चालू राहतं. लॅपटॉप बंद करून जेवायला जा, परत येऊन टीमक्सला जोडून घ्या. तळाच्या ओळीत किती पिक्सेल झाले आणि किती टक्के तो आकडा पुढे सरकलेला असतो. नोंद फाइलमध्ये हवी असेल तर लक्षात घ्या, पोव्ह-रे सगळी बडबड स्टँडर्ड एररवर करतो. नुसत्या बाणाने (>) फाइल रिकामीच राहील, बाणाआधी २ लिहा.

प्रकाशवाट

सर्वांचे मनापासून आभार. एपीटीने बसवलं, इन्क्लूड्सही आहेत. होममधलं चित्र व्यवस्थित निघतंय. पण सगळ्या मशिनांना दिसणाऱ्या सामायिक फोल्डरात लिहायला सांगितलं की 'आयओ रिस्ट्रिक्शन्स प्रोहिबिट राइट ॲक्सेस' म्हणतो. फोल्डरची परवानगी तपासली, टच कमांडने तिथे फाइल तयार होतेय. मग अडतंय कुठे?

टर्मिनलवासी

हे लिनक्सच्या परवानगीचं नाही, पोव्ह-रेचं स्वतःचं कुंपण आहे. दृश्याची फाइल म्हणजे प्रोग्रॅमच असतो, ती इतर फाइली उघडू शकते, लिहू शकते. कुणाची तरी नेटवरची फाइल आंधळेपणाने चालवली तर काय, म्हणून ही सोय.

ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये पोव्हरेच्या फोल्डरात ३.७, आणि त्यात 'पोव्हरे डॉट कॉन्फ'. तिच्यात 'फाइल आयओ सिक्युरिटी' खाली 'नन', 'रीड-ओन्ली' आणि 'रिस्ट्रिक्टेड' यांतला एकच शब्द चालू असतो, तुमच्याकडे बहुधा शेवटचा. 'नन' करून मोकळं होऊ नका. खाली 'परमिटेड पाथ्स' आहे, तिथे 'रीड+राइट' पुढे तारा (*) देऊन सामायिक फोल्डरचा पत्ता लिहा. तारा म्हणजे आतले उपफोल्डरही आले. होममध्येही अशीच एक कॉन्फ असते, पण सिस्टिमने लावलेली पातळी तिच्यातून सैल करता येत नाही. त्यामुळे लॅबच्या ॲडमिनना एकदाच सांगून करून घ्या.

लॅब मुलांची आहे, तेव्हा त्याच फाइलमधलं 'शेलआउट' 'फॉरबिडन' आहे ना हेही बघा. नाहीतर रेंडरच्या आधी-नंतर कुठलीही कमांड चालवता येते.

वास्तुजा

थोडं अवांतर, पण टर्मिनल आणि रे ट्रेसिंग म्हटल्यावर राहवत नाही. मी इमारतींच्या नैसर्गिक उजेडाचं काम करते आणि आमचा सगळा संसार रेडियन्स या उजेडाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. ग्रेग वॉर्ड यांनी १९८० च्या दशकात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ते सुरू केलं, २००२ पासून ओपन सोर्स आहे. तो एक प्रोग्रॅम नाहीच, छोट्या छोट्या अनेक कमांड्स आहेत. 'ओकॉन्व्ह' दृश्याचा ऑक्ट्री (जागेचे आठ-आठ भाग करत केलेली मांडणी) बांधतो, 'आरपिक्ट' चित्र काढतो, 'आरट्रेस' ला बिंदूंची यादी दिली की प्रत्येक बिंदूवरचा उजेड आकड्यांत देतो, आणि एकाचं उत्तर पाइपने दुसऱ्याच्या तोंडात.

फरक सांगते. पोव्ह-रेचं चित्र खरं वाटतं, पण त्यातल्या टेबलावर किती लक्स (उजेडाचं एकक) आहेत ते विचारता येत नाही. रेडियन्समध्ये लाल, हिरवा, निळा यांना अनुक्रमे ०.२६५, ०.६७० आणि ०.०६५ ने गुणून बेरीज करायची, तिला १७९ ने गुणलं की लक्स हातात. आपल्या ईसीबीसी २०१७ या इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या संहितेत उपयुक्त उजेडाची कक्षा १०० ते २००० लक्स धरली आहे. ती सिद्ध करायची तर वर्षभराच्या तासातासाचे आकडे लागतात, आणि ते खिडकीत बटणं दाबून होत नाहीत. रात्री स्क्रिप्ट लावायची.

सर, वर्गात पुरेसा उजेड येतो का, हा मुलांसाठी प्रकल्प होऊ शकतो. हवं असेल तर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

प्रकाशवाट

वास्तुजाताई, नक्की काढतो. आमच्या लॅबच्या खिडक्यांपासूनच सुरुवात करू.

भिंगरी

मूळ विषयाकडे येते. सर, दृश्यात कोन, अपवर्तनांक असे आकडे थेट लिहू नका. वरती 'इफएनडेफ कोन' मध्ये मूळ किंमत द्या, ती बाहेरून काही दिलं नसेल तरच लागते. मग टर्मिनलवरून 'डिक्लेअर=कोन=४२' असं सांगता येतं आणि फाइलला हात लावावा लागत नाही. व्हेरिएबलची नावं फाइलमध्ये रोमन लिपीतच ठेवा.

याचा वर्गातला उपयोग बघा. १.५ अपवर्तनांकाच्या काचेचा क्रांतिक कोन ४१.८ अंश. लूपमध्ये कोन ३८ पासून ४६ पर्यंत अर्ध्या अर्ध्या अंशाने सरकवा आणि चित्रं ओळीने लावा. ४१.५ पर्यंत काचेबाहेर पडणारा झोत पृष्ठभागाला टेकत टेकत फिका होत जातो, आणि ४२ च्या चित्रात बाहेर काहीच नाही, सगळा प्रकाश आत वळलेला. मुलांनी आधी गणित करायचं आणि मग लूपला विचारायचं. नंतर पाण्याचा १.३३ घालून क्रांतिक कोन ४८-४९ च्या आसपास सरकतो का ते त्यांनाच शोधू द्या.

दोन गोष्टी जपा. काचेत काळे डाग दिसले तर 'मॅक्स_ट्रेस_लेव्हल' वाढवा. मूळ किंमत ५ असते, किरण काचेत त्याहून जास्त वेळा उसळला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. १५-२० करून बघा. दुसरं, भिंगाने एकवटलेला ठिपका किंवा लोलकाने भिंतीवर पाडलेला रंगपट्टा साध्या रे ट्रेसिंगमध्ये येतच नाही, कारण तिथे किरण डोळ्याकडून दिव्याकडे जातात. त्यासाठी दिव्याकडून सोडलेले फोटॉन लागतात : ग्लोबल सेटिंग्जमध्ये, आणि वस्तूवर 'टार्गेट' म्हणून. रंग फुटण्यासाठी 'डिस्पर्शन' द्या. १.०१ च्या आसपास खऱ्या काचेसारखं, वर्गात मागच्या बाकावरून दिसायला हवं तर थोडं वाढवा, पण वाढवलंय हे मुलांना सांगा.

पल्याडचा

(टोरांटोहून.) चित्रफीत वाटण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून.

समजा ३०० फ्रेम आहेत. प्रत्येक मशिनावर +केएफएफ३०० (पूर्ण फितीची शेवटची फ्रेम) तसाच ठेवायचा आणि +एसएफ, +ईएफ ने वाटा द्यायचा : पहिल्याला १ ते १००, दुसऱ्याला १०१ ते २००, तिसऱ्याला उरलेल्या. केएफएफ बदलून वाटणी करायला जाऊ नका. 'क्लॉक' हा हालचालीचा आकडा ० पासून १ पर्यंत पूर्ण फितीवर पसरतो. केएफएफ १०० केलात तर प्रत्येक मशिन तीच हालचाल पुन्हा, तिप्पट वेगाने करेल. एसएफ-ईएफमध्ये क्लॉक जिथल्या तिथे राहतो आणि फाइलींचे क्रमांकही.

फाइलींच्या क्रमांकातले अंक शेवटच्या फ्रेमवर ठरतात. ३०० असतील तर पहिली फ्रेम ००१. शेवटी एफएफएमपेग या कमांडने फ्रेम जोडून चित्रफीत करताना तीन अंकांचा साचा द्या. नेहमीच्या एमपी-४ साठी रुंदी आणि उंची दोन्ही सम हव्यात, नाहीतर शेवटच्या पायरीवर तो नकार देतो. एवढ्या रात्री जागवून मिळवलेल्या फ्रेम तशाच पडून राहतात. +डब्ल्यू, +एच ठरवतानाच हे बघा.

जुनाजाणता

धागा वाचून फार बरं वाटलं. हे सगळं जिथून आलं तो डीकेबीट्रेस डेव्हिड बक यांनी अमिगा संगणकासाठी लिहिला होता. १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर काही मंडळी जमली, त्याच्या पायावर पोव्ह-रे उभं राहिलं. एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी मोकळ्या वेळात केलेलं काम आज कॉलेजच्या लॅबमध्ये उपयोगी पडतंय. तेव्हा एका चित्रासाठी रात्र जायची. सर, तुमच्या मुलांना हा इतिहासही सांगा.

टर्मिनलवासी

काका, रात्र आताही जाते. आपण फोटॉन वाढवतो ना!

प्रकाशवाट

भिंगरी, तुमची लूप काल रात्री चालवली. ४१.५ आणि ४२ ची चित्रं शेजारी ठेवली तर शब्दच नकोत. पल्याडचा, वाटणीही तुम्ही सांगितली तशीच केली, फ्रेम बरोबर क्रमाने आल्या.

आता नवी अडचण. चित्रांवर मराठीत नावं हवीत. युनिकोडचा फाँट दिला, ग्लोबल सेटिंग्जमध्ये 'कॅरसेट यूटीएफ८' लिहिलं. अक्षरं येतात, पण 'किरण' मधली वेलांटी 'क' च्या मागे जाऊन पडते आणि 'अपवर्तन' मधला रफार उतरून सुटा 'र्' होतो. मुलांसमोर असं मराठी ठेवणार नाही.

अक्षरवेळा

सर, अगदी बरोबर, ठेवूच नका. पोव्ह-रे प्रत्येक कोडसाठी फाँटमधला एकेक आकार उचलून ओळीने मांडतो. देवनागरीत वेलांटी आधी आणणं, रफार वर चढवणं, जोडाक्षर जुळवणं हे काम शेपिंगचं, आणि ते त्याच्यात नाही. फाँट बदलून उपयोग होणार नाही.

नावं नंतर चढवा, तीही टर्मिनलवरूनच. इमेजमॅजिकमध्ये 'पँगो' म्हणून सोय आहे, पँगो देवनागरीची मांडणी नीट करतो. नावाची पारदर्शक पीएनजी त्यातून काढायची आणि 'कंपोझिट' ने चित्रावर ठेवायची. मशिनावर देवनागरी फाँट मात्र हवा, पडदा नसलेल्या डेबियनवर तो बहुतेक नसतो. 'एफसी-लिस्ट' ला मराठीपुरते फाँट विचारा, रिकामं आलं तर नोटो किंवा लोहितचं पॅकेज घ्या.

यात एक फायदाही आहे. नाव बदलायला पुन्हा रेंडर नको. आज मराठी, उद्या सेमी-इंग्रजीच्या तुकडीसाठी इंग्रजी, चित्र तेच.

अक्षरं त्रिमितीतच हवी असतील, म्हणजे काचेत कोरलेली वगैरे, तर इंकस्केपमध्ये मजकुराचे मार्ग करा आणि ते पोव्ह-रेच्या 'प्रिझम' मध्ये न्या. किचकट आहे, पण शीर्षकापुरतं करायला हरकत नाही.

चिंगी

हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही हो! दंडवत.

प्रकाशवाट

पँगोने झालं. 'किरण' आता किरणच दिसतोय, आणि 'पूर्ण आंतरिक परावर्तन' रफारासकट. लोहित घेतला.

शेवटचं. लॅबमधलं एक मशिन आम्हाला परत द्यायचं आहे. त्यावरून पोव्ह-रे काढताना 'रिमूव्ह' पुरेल ना?

सह्यकडा

नाही. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, ईटीसीमधली कॉन्फ राहते. तिच्यात तुमच्या सामायिक फोल्डरचा पत्ता आहे. 'पर्ज' करा. होल्ड लावला असेल तर आधी 'अनहोल्ड', नाहीतर एपीटी कुरकुर करेल. होममधलं '.पोव्हरे' फोल्डर पर्जही काढत नाही, ते हाताने काढा. आणि क्रॉनमधली '@रीबूट' ची ओळ पुसा, नाहीतर दुसऱ्याच्या टेबलावर ते मशिन चालू झालं की तुमची स्क्रिप्ट पोव्ह-रे शोधत बसेल.

टर्मिनलवासी

होल्ड कशाला लावू नये ते यासाठीच सांगत होतो, @सह्यकडा :)

वास्तुजा

सर, उजेडाचा धागा कधी काढताय? येताना खिडक्यांची मापं, त्यांची दिशा आणि भिंतींचा रंग घेऊन या. रंगाला नुसतं 'पांढरा' म्हणू नका, चुन्याचा की ऑइलपेंटचा तेही लिहा. परावर्तन वेगळं धरावं लागतं.